उपड्या मडक्यावर

शहापुरात, अंबूमावशीच्या चुलीपुढं
मी वहीचा जुना पुठ्ठा घेऊन बसते.
तिच्या कोपरापर्यंत पीठ,
माझ्या मनगटापर्यंत शाई.

"कंस म्हणजे तो कृष्णाचा मामा?"

नव्हे गं. चार पावलं चाल, मग डावीकडं वळ.
आता परत ये. आधी वळ, मग चार पावलं चाल.
पोचलीस का त्याच जागी?
"आधी यमन्नाच्या दारात. नंतर गटारात."
दार आणि गटार यांतलं जे अंतर,
ते आम्ही कंसात लिहितो.

पुढं सरकणं, बाजूला सरकणं, वळणं:
तीन हालचाली, जोड्यांचे तीन कंस,
दर कंसात तीन आकडे.
नऊ आकड्यांचा एक ठिपका.
सपाट अंगणातली सगळी ये-जा
त्या ठिपक्यात मावते.
खरं ठिपका वाटेल तिथं ठेवता येत नाही,
याकोबीची तीन समीकरणं राखणीला असतात.
त्यांच्या आतल्या मुलखाला होसमनी सर व्हरायटी म्हणतात.
"साड्यांची?"

होसमनी सर इंग्रजीत शिकवतात, कानडीत हसतात,
चहा मराठीत मागतात.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
पीठ म्हण, हिट्टू म्हण,
आधार बदलला की आकडे बदलतात, वस्तू नाही.
स्टेशनाच्या पाटीवर तीन लिप्या,
गाडी लागते एकाच फलाटाला.
असल्या बदलाला बदल म्हणायचं नाही.

बदल म्हणजे एप्सिलॉनचा धक्का,
इतका बारीक की त्याचा वर्ग शून्य.
मनातले मांडेच ते, मावशी.
"मग खायचे कधी?"
वर्ग शून्य धरायचं सोडलं की.

ती उंडा उचलते.
या हातावरून त्या हातावर, मनगटावर, कोपरावर,
पीठ लांबतं, पलीकडची चूल दिसायला लागते,
आणि पसरते उपड्या मडक्यावर.
सपाट होतं ते गोलावर चढलं.
माझा ठिपकाही असाच चढतो:
अंगणातल्या हालचाली किंचित वाकवल्या
की त्या चेंडूच्या गिरक्या होतात.
आणि गिरकी ताठ असते. कितीही ढकला,
शेजारीपाजारी तीच, नाव बदलून बसलेली.

दुसरीही वाट आहे.
फिरता फिरता आकसत जायचं,
गोगलगाईच्या पाठीवर असतं तसं.
तिकडचा मुलूख वेगळा. इकडचा वेगळा.
दोन्ही जिथं शिवलेत
त्या शिवणीवर माझा ठिपका.

इकडं एक पाऊल चालतं.
तिकडं एक पाऊल चालतं.
दोन्ही एकदम टाकली
तर पहिल्या घाताला कुणी हरकत घेत नाही.
दुसऱ्या घाताला समीकरण नको म्हणतं,
आणि पुढं काहीही मिळवा, काहीही वजा करा,
नकोच म्हणतं.
मी सिद्ध केलंय. साडेतीन पानं,
मंगळवारी रात्री, लाईट गेलेली,
मोबाईलच्या उजेडात.
बरोबर तिथंच फाटतं.

दारात वडगावची बाई आली, लग्नाचे मांडे सांगायला.
मावशी मान वर न करता म्हणाली,
"नाळे बा गं, पन्नास तयार ठेवतो मी,
बेल्ल घरचं, हत्तु रुपाय कमी दे."

वाक्य फाटलं नाही.
बाई मान हलवून गेली.
मी पुठ्ठा उलटा केला, दुसरा घात पुन्हा मांडला.
अडथळा होता तिथंच होता,
एका आकड्यात, शून्य व्हायला तयार नसलेला.
चूक नव्हती.
मग मावशीचं वाक्य कुठल्या मुलखात?
नऊ आकडे कमी पडतात का त्याला?
होसमनी सरांना विचारायला हवं,
खरं ते हसतील, कानडीत.

"काय बघत बसलंयस?
मी एकटा किती बघू? घडी घाल लवकर,
मऊ आहे तवर."

मी हात पुढं केला. उशीर झाला होता.
मधोमध कडकन मोडला.
तिनं एक तुकडा मला दिला,
एक स्वतः खाल्ला.