एक आकडा

पोलीस आयुक्तालय, खिडकी क्रमांक चार.
मोहोळकरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"रायफल कशाला, मॅडम? बँकेत तर असता."
म्हटलं, कागदाला भोकं पाडायला.
ते हसले नाहीत. 'क्रीडा' असं लिहून घेतलं.

परवान्याला अकरा महिने लागले.
हवालदार शेजारच्या काकडेवहिनींना विचारून गेला,
ही बाई भांडते का, पिते का,
रात्री घरातून आवाज येतात का.
येतो, त्या म्हणाल्या. मिक्सरचा.

तोवर बालेवाडीला उसन्या रायफलीने नेम धरायचे.
दुसऱ्याच्या गालाच्या मापाचा दस्ता,
दुसऱ्याच्या घामाचा वास.
बेचाळिसाव्या वर्षी आपलं म्हणून एवढंच हवं होतं:
साडेचार किलो, पॉइंट टू-टू.

धारवाडच्या शांतव्वा हिरेगौडर विकत होत्या.
नवऱ्याची असणार, मी धरून चालले.
फोनवर म्हणाल्या, "या की वो. पैसे द्या आणि न्या,
कागद मागनं पाठवतो."
मी म्हटलं, कागद आधी.

मग तिकडच्या ठाण्यात त्यांची नोटीस,
इकडून माझ्या परवान्याची नक्कल,
महिनाभर काही नाही,
मग ना-हरकत आली, कानडीत, जांभळ्या शिक्क्याची.
शेवटी वाहतुकीची परवानगी: तारीख, रस्ता, गाडीचा नंबर.
गाडी माझ्या दिराची, अविराजची वॅगनार,
जिच्यात तोवर जपून नेलेली एकच गोष्ट
गौरींचे मुखवटे.

पलंगावर सतरंजी, सतरंजीवर रायफल,
बोल्ट काढून बाजूला ठेवलेला.
नळीतून पाहिलं. पलीकडे खिडकी, खिडकीत पेरूची फांदी.
रिकामी.
मग नंबर. एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले.
पाचवा जुळेना.
नळीवर एक, माझ्या कागदावर शून्य.
कानडी एक दिसतो न मिटलेल्या शून्यासारखा;
पुण्यात कुणीतरी तो मिटवून टाकला होता.

"एका आकड्यानं काय होतंय?" शांतव्वा म्हणाल्या.
अविराजही म्हणाला, वहिनी, सव्वाचारशे किलोमीटर आलोय.
मी एकोणीस वर्षं कॅश मोजते.
एका आकड्याने काय होतं ते मला माहीत आहे.
चेक पर्समध्येच राहिला.

"बरं," म्हणत शांतव्वांनी पदराने बोल्ट पुसला
आणि न बघता जागेवर बसवला,
इतक्या सहज, जसं कुणी
बोलता बोलता अंबाडा घालतं.

रिकामी पेटी घेऊन परत निघालो.
कात्रजच्या बोगद्यात अविराज काहीतरी बोलत होता.
मी मांडीवर ना-हरकत उघडली, मोबाइलच्या उजेडात
शाखेतल्या मंजुळा कब्बूरने पेन्सिलीने केलेलं भाषांतर
पहिल्यांदा आकडे सोडून वाचलं.
खरेदीची पहिली नोंद, सत्त्याऐंशी साल.
नाव: शांतव्वा.
नवऱ्याचं नाव होतं, पण तिथेच,
जिथे आपल्या सगळ्यांच्या नवऱ्यांचं असतं.

दुरुस्ती व्हायला सहा आठवडे. तोच रस्ता, नवी तारीख.
या वेळी आकडे जुळले. चेक दिला, पावती घेतली.
विचारलं, आधी का नाही सांगितलंत?
"तुम्ही नंबर विचारलासा. मी नंबर सांगितलो."
आणि पेटीत स्वतःचा गालाचा जुना रुमाल ठेवला.

पुण्यात आल्याआल्या नोंदीला गेले.
मागील मालक, मोहोळकर पुटपुटले, आणि लिहिलं: श्री.
म्हटलं, श्रीमती.
"मॅडम, एका अक्षराने काय होतं? जेवायची वेळ झालीय."
जेवून या, म्हटलं.
आणि बाकावर बसून राहिले,
रजिस्टरच्या त्या ओळीवर डोळा ठेवून,
श्वास अर्धा सोडून.