वारूळकर

गोरिचकोच्या उतारावर, ओढ्यालगतच्या ओल्या कुरणात
म्लादा गुडघ्यांवर बसून मोजते आहे.
जुलै. अकराचं ऊन. वहीत दोन रकाने.

तिच्या भाषेत दोघांचं आडनाव एकच: वारूळकर.
एक फिकट, पंखाखाली ठिपक्यांच्या दोन ओळी,
घाईत घातलेल्या टाक्यांसारख्या.
दुसरा दालचिनीच्या सालीचा,
ठिपक्यांची ओळ एकच, तीही जपून.

झाडही दोघांना एकच लागतं, स्त्राश्नित्सा.
फिकट मादीला बोंड हवं कोवळं, हिरवं असतानाच.
काळसर थांबते,
ते वाळल्या रक्ताइतकं लाल होऊ देते
आणि मग अंडं घालते.

पुढचं सारखंच.
अळी तीन आठवडे फूल खाते, खाली पडते,
अंगाला घरचाच वास म्हणून
लाल मुंगी तिला उचलून आत नेते.
मग सगळा हिवाळा मुक्काम,
मुंग्यांचीच पोरं खाऊन.
घरजावईसुद्धा इतका निलाजरा नसतो.

कागदावर मात्र
फिकट: असुरक्षित.
काळसर: धोक्याच्या उंबरठ्याशी.
उंबरठ्याच्या आत किती पावलं आणि बाहेर किती,
यादीत लिहिलेलं नाही.

वेंडेलिन येतो, खांद्यावर लांब दांड्याचा विळा.
"अजून नाही?"
"सप्टेंबर उजाडू दे, काका."
"माझ्या बापानं फुलपाखरांना विचारून गवत कापलं नव्हतं,"
म्हणतो, आणि बसतो.
फडक्यातून पाव काढतो,
भोपळ्याच्या बियांच्या तेलात हिरवा झालेला.

पलीकडचं कुरण कोलमानाचं होतं.
ती गेली, पोरं ग्राझला,
सहा वर्षं तिथे कुणी विळा लावला नाही.
पिवळं तण डोक्यावर गेलंय,
ओढ्याकडून झाडं चालत येतायत.
म्लादाच्या वहीत त्या पानावर
दोन्ही रकान्यांत शून्य.

लवकर कापलं तर मरतात.
कापलंच नाही, तरी.
वेंडेलिनला हे ठाऊक आहे. गुडघ्यांनाही ठाऊक आहे त्याच्या.

"आणि मुंग्या?" तो विचारतो.
"लेकरं त्यांची जातात. त्यांचा रकाना कुठाय?"
म्लादा पेन्सिल चावते.

तेवढ्यात एक काळसर
येऊन बसतो त्याच्या मनगटावर,
सोंड उलगडून घाम पिऊ लागतो.
फुलावर नाही, गवतावर नाही.
म्लादा समासात लिहिते: एक, माणसावर.

पाव तोंडाजवळ तसाच.
हात हलत नाही म्हाताऱ्याचा.
तेलाचा एक हिरवा थेंब
कोपराकडे निघालाय.