तिथीची पाऊणपट

आज बारस. बाराची पाऊणपट नऊ.
नऊला भरती पुरी, म्हणजे आठाला धक्क्यावर हवं,
हे जयमालेने रात्रीच भाकऱ्या थापताना ठरवलं.
पंचांग तिचं, होडी माझी, जीप बँकेची.

पिरावाडीच्या धक्क्याला लागून एक उतरण आहे.
वर कोरडी, मध्ये ओली, खाली शेवाळी,
आणि त्याच्याही खाली आम्ही कधी बघितलेली नाही.

आधी वरच थांबतो. चाकांना हात लावतो.
कणकवलीपासून तापत आलेली बेअरिंगं
लगेच खाऱ्या पाण्यात घातली
तर पाणी ओढून घेतात, तान्ह्या मुलासारखी.
तेवढ्यात डोलकाठी उभी करायची.
वर वीजतार आहे का ते ती बघते,
मी तिच्याकडे बघतो, तिने मान हलवली की रेटतो.
"बूच?"
"बसवलं."
"हात लावून सांग."
हात लावून सांगतो.
एका साली नव्हतं बसवलं. टिटवी तेव्हा
धक्क्याला बांधल्या जागीच गुपचूप खाली बसली,
पंगतीला बसावी तशी.

मग ती रिव्हर्स घेते.
ट्रेलरचं सगळं उलटं. उजवीकडे न्यायचा
तर स्टिअरिंग डावीकडे.
पहिल्या वर्षी मी हे ओरडून शिकवलं.
ट्रेलर दोनदा माडाला लागला,
ती एकदा माहेरी गेली.
आता बोलत नाही. दोर धरून
गुडघाभर पाण्यात उभा राहतो.
चाकं बुडतात, मडगार्ड बुडतं,
आणि कुठेतरी, दिसत नाही, दोरातून कळतं,
लाकडाचं वजन संपलं.

मतलईने खाडीच्या मुखापर्यंत नेलं.
अकराला वारा पडला.
शीड टॉवेलासारखं वाळत राहिलं.
भाकरी झाली, सुकटीची चटणी झाली,
मुलीच्या न आलेल्या फोनचा विषय निघाला, तोही संपला.
दोनला पश्चिमेचा वारा आला, तोवर
खाडी आमच्या खालून समुद्राकडे निघालेली.

परत पोचलो तर धक्का केवढा उंच!
ट्रेलर पाणी शोधत खाली, अजून खाली,
आणि खट्‌.
उतरण संपते. वीतभर काँक्रीटची कड, मग चिखल.
टिटवी वर चढली निमूट,
पण चाक काही कड चढेना.
जीप गुरगुरली, टायरांनी शेवाळ जाळलं.
जयमाला खाली उतरली.
मी तिच्याकडे बघितलं नाही.

खडपावरून कालवं काढून चार बाया येत होत्या.
पुढच्या रतन तांडेलीने टोपली खाली ठेवली,
चाकाकडे बघितलं, पोराचं गळू बघावं तसं.
"ढकलून काय व्हना नाय. पायरी करूक व्हयी."
धक्क्यामागे रिकाम्या शिंपांचा ढीग,
किती वर्षांच्या जेवणांचा कोण जाणे.
टोपल्या भरभरून त्यांनी तो चिखलात ओतला.
"तू गाडी चालव गो," जयमालेला.
"आणि तू," मला, "गप रव."

राहिलो.
शिंपा करकरल्या, मोडल्या, धरल्या.
चाक वर आलं.
पैसे काढले तर हसल्या; भाकरी उरली होती ती घेतली.

घरी गोड्या पाण्याने सगळं धुतलं.
अंगणात बूच काढलं, आणि आचऱ्याची खाडी
थोडी थोडी माडाच्या आळ्यात गळत राहिली.
जयमाला पायरीवर बसून पायाचा चिखल खरवडत होती.
"उद्या तेरस," ती म्हणाली. "पावणेदहा."
मी ग्रीसचा डबा शोधायला आत गेलो.