डुगडुगतं स्टूल

वीजखात्यात माझं काम कापायचं.
बिलं थकली की फ्यूज काढायचा,
सील लावायचं, वहीत वेळ लिहायची.
एकोणीस वर्षं. माझगाव, डोंगरी, नूरबाग.
दारं मला नंबरांनी आठवतात,
माणसं मुळीच नाहीत.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा
सहा आठवडे खाटेवर.
मेहुणीने एक कादंबरी आणून टाकली पोटावर,
ताडवाडीच्या वाचनालयातली,
शिक्के पडून पडून पहिलं पान जांभळं झालेलं.
मी म्हटलं, खोट्या माणसांचं मी काय करू?
ती म्हणाली, केबलचे पैसे भरलेत का तुम्ही?

वाचली. आधी रागाने.
त्यात एक बाई नणंदेची पाटली चोरते
आणि लेखक तिला काही म्हणजे काही बोलत नाही.
चाळीस पानं मी वाट पाहिली,
कुणीतरी पकडेल तिला, निदान एक थोबाडीत.
लेखक आपला तिच्या फडताळाचं सांगत बसलेला,
फडताळातल्या डब्यांचं,
कुठल्यात काय असायचं, आता काय नाही.
मी ती पानं ओलांडून पुढे गेलो.
पुढचं कळेना, म्हणून मागे आलो.
डबे मोजले. सात.
सातव्या डब्याशी, रात्री अडीचला,
पाटली माझ्या हातात होती.

शेवटची पानं कुणी फाडून नेलेली.
तिचं काय झालं, मला आजवर माहीत नाही.

कामावर परतलो. पहिलंच घर
चौथा मजला, मुकादम, थकबाकी चार हजार एकशे दहा.
जुनी इमारत, मीटर दाराच्या चौकटीवर.
जिने चढता चढता मी गोष्ट बांधत गेलो:
म्हातारी असेल, आजारी असेल, रडेल,
माझाही गळा दाटेल, मी तसाच परत फिरेन.
एक कादंबरी वाचून माणूस असा दीडशहाणा होतो.

दार उघडलं चाळिशीच्या बाईने, हाताला पीठ.
रडली नाही. नोटीस वाचली, उलटून मागचंही वाचलं.
"शिडी नाय आणलीत?"
आत गेली, स्टूल घेऊन आली.
"एक पाय डुगडुगतो त्याचा. जपून."
आणि मी वर चढल्यावर
तिने तो पाय धरून ठेवला
पिठाच्या हाताने,
मी तिचा उजेड काढेपर्यंत.

हो, काढला.
तुम्हाला वाटलं असेल, नाही काढणार.
वहीत लिहिलं, अकरा वीस.

पण उतरताना तिच्या खांद्यावरून जे दिसलं
ते मी ओलांडून गेलो नाही:
मशीनवर एकाच बाहीचा शाळेचा सदरा,
बाजूला बाह्यांचा ढीग,
हळूहळू थांबत जाणारा पंखा
आणि त्याच्याकडे मान वर करून बघणारा मुलगा.
पंखा थांबला, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्यात मी होतो.
चौथ्या मजल्यावर येऊन अंधार करून जाणारा,
एका ओळीचा माणूस.
नाव नाही, गुडघा नाही,
मेहुणी नाही, रात्रीचे अडीच नाहीत.
त्याच्या गोष्टीत मी एवढाच,
आणि त्याने तरी का थांबावं माझ्यापाशी?
मी तरी कुठे थांबलो होतो एकोणीस वर्षं?

तीन दिवसांनी त्यांचं बिल भरल्याची नोंद आली.
जोडणीचं काम दुसऱ्याकडे होतं, मी मागून घेतलं.
शिडी याही खेपेला नेली नाही.
खिशात लाकडाची एक पाचर नेली,
रात्री पाटावर बसून तासलेली,
स्टुलाच्या त्या पायासाठी.

अंदाजाने तासलेली, जरा जाड निघाली.
स्टूल आता दुसऱ्याच पायावर डुगडुगतं.
बाई म्हणाली, "होतं तेच बरं होतं की."
मी चढलो.
हा पाय मुलाने धरला.