तीनशे ऐंशी डॉलरांत

मार्लिस आली, दारातच बूट काढले,
मोज्यांवर घरभर हिंडली.
हातात टेप नाही, टॉर्च नाही.
फक्त नाक.
"बेसमेंटला कुत्र्याचा वास येतोय," म्हणाली.
कुत्रा जाऊन सहा वर्षं झाली.
आर्विडने मान खाली घातली,
जणू तोच भिजून आत आला होता.

मग तिने स्वस्तातली यादी दिली.
नवं किचन नको, छपराला हात लावू नका,
त्यातले पैसे वसूल होत नाहीत.
पुढचं दार रंगवा.
दिवे सगळे एकाच उजेडाचे लावा.
टबाच्या कडेचं काळं सीलंट खरवडून पांढरं भरा.
कपाटांच्या मुठी बदला.
आणि भिंतींवरची माणसं जरा कमी करा.

माणसं कमी केली.
सत्तावीस खिळे निघाले, सत्तावीस भोकांत लांबी भरली,
वाळल्यावर पॉलिश पेपर मारला.
प्रत्येक फोटोच्या मागे एकेक चौकोन,
लोण्यासारखा पिवळा.
हाच रंग आम्ही भांडून निवडला होता,
आणि इतकी वर्षं त्याला
राखाडी समजत होतो.

नव्या रंगाच्या डब्यावर लिहिलेलं : पहाटेचं धुकं.
एकतीस वर्षं धक्क्यावर लोहखनिज भरलेला आर्विड
डबा फिरवून फिरवून वाचत राहिला.
"याला धुकं म्हणतात?
धुक्यात जहाज दिसत नाही, फक्त भोंगा येतो.
ही तर लापशी आहे."
तरी दोन हात मारले. कोपरे माझ्याकडे.

आता ड्रॉवरचं सांगते.
सिंकच्या डावीकडचा, चमच्यांचा.
उचल, भिंतीकडे ढकल, मग ओढ :
मुलं हे बुटांची नाडी बांधण्याआधी शिकली.
कर्टने लग्नाआधी ट्रेसाला घरी आणलं
तेव्हा आधी ड्रॉवर शिकवला, मग जेवायला बसवलं.
नवी पट्टी, चार स्क्रू. नऊ डॉलर, वीस मिनिटं.
मी एक्क्याण्णव सालापासून मागत होते.
मी काही बोलले नाही.
म्हणजे, बोलले.
बरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ढवळायला
उचलला, ढकलला, ओढला,
आणि अख्खा ड्रॉवर माझ्या अंगावर.
फरशीभर चमचे.
सरळ वागणाऱ्या ड्रॉवरशी कसं वागायचं
हे मनगटाला कोणी सांगितलंच नव्हतं.

बेसमेंटमध्ये व्हिनेगरच्या वाट्या ठेवल्या,
खायचा सोडा भुरभुरवला, खिडकी उघडी टाकली,
एप्रिलची थंडी आत आली तर येऊ दिली.
चौथ्या रात्री आर्विड खाली गेला,
बराच वेळ वर आला नाही.
"वास गेला?"
"गेला."
दिवा मालवून झोपलो.

शनिवारी बघायला लोक येणार.
मार्लिसने टेबलावर लिंबं मांडली,
आणि आम्हालाच घराबाहेर काढलं, गोडीत.
ट्रक उतारावरून खाली नेला, कालव्यापाशी लावला.
थर्मासमधली कॉफी. पूल वर उचललेला.
एक लांबलचक जहाज सरोवरातून आत शिरत होतं,
पण आर्विडने दुर्बीण उलट दिशेला धरली, टेकडीकडे.
"दिसतंय," म्हणाला.

दार. जांभळटलाल, एका छोट्या डब्यात झालेलं.
चाळीस वर्षं इथून आम्ही नुसता अंदाज करायचो :
त्या चर्चच्या वर, त्या बर्चच्या मागे, तिथेच कुठेतरी.
आज बोट ठेवून दाखवता येत होतं.

दुर्बीण माझ्याकडे आली.
एक जोडपं पायरीवर आलं, बाई पोटुशी,
उतारावर चार पावलं गेली, थांबली,
काहीतरी बोलून परत आत.
"परत आत गेले," मी म्हटलं.
आर्विडने कॉफीचा तळ झटकला.
"ड्रॉवर बघायला," म्हणाला.