अंकली फाटा, सव्वादोन

तिचा फोन आला तेव्हा
मी उसाच्या ट्रॉलीचं टायर भट्टीत चढवत होतो.
"अब्बा, विमान उडालंच नाही.
जोरात पळत होतं, खाली धाडकन् काहीतरी फुटलं,
सगळे पुढच्या सीटवर आदळलो.
आता पट्टीवरच उभे आहोत. बाहेर बंब आलेत."

बापानं विचारावं, लागलं का, पाणी दिलं का कुणी.
मी विचारलं, कुठलं टायर?
डावं का उजवं?
वास कसला आला, रबराचा का तेलाचा?

ती हसली.
मग रडली.
मग म्हणाली, "थांबा, खिडकीवाल्याला विचारते."

मिरजेत नर्सिंग शिकली माझी तहसीन.
मस्कतच्या दवाखान्याचं पत्र,
बॅगेत दोन किलो हळद, वजनकाट्यावर तीनदा चढवलेली.

एकतीस वर्षं टायर वाचतोय मी.
हा बेळगावहून जादा भरून आला,
हा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवूनच जन्मलाय.
हवा कमी असताना पळवलं
की आतली तार दमते आधी,
वरून नक्षी तशीच, कोरी.
लोक म्हणतात, फुटायच्या आधी टायर सांगत नाही.
सांगतं.
ट्रक थांबवून ऐकायला भाडं परवडत नाही.

कवलापूरच्या पडीक धावपट्टीवर
तिला स्कूटी शिकवली होती.
उखडलेलं डांबर, शेळ्या, कमरेएवढं गवत.
डांबर संपायच्या आत थांब, एवढंच ओरडायचो मी.
ती गवतात जाऊनच थांबायची,
केसांत कुसळं घेऊन.

एक वेग असतो म्हणे,
त्याच्या अलीकडं थांबता येतं,
पलीकडं गेलं की फुटक्या चाकानंही उडावंच लागतं.
तो पायलट अलीकडं होता.
किती अलीकडं?
वावभर? वीतभर?
त्याचं नाव मला कोण सांगणार.

पुन्हा फोन.
"डावं. आतल्या बाजूचं. बस आलीय, उतरतोय.
सकाळी दुसरं विमान देणारेत."
मग बराच वेळ नुसता वारा.
"अब्बा, जाऊ ना?"

परत ये, हे जिभेवर होतं.
भट्टीचा काटा चढत होता.

"चढायच्या आधी चाकाकडं बघ एकदा."
"काय बघू?"
"काही नाही. नुसतं बघ.
कुणीतरी बघितलेलं बरं असतं."

फोन ठेवला.
भट्टी बंद केली, टायर परत खाली उतरवलं,
आत हात घालून तार न् तार चाचपली.
ट्रॉलीवाला सहाला येणार होता.
त्याला आठ सांगितले.