तीन तासांचे पैसे

मुलानं पैसे भरले होते तीन तासांचे.
लिस्बनच्या ग्रासा चढावरून थेट पोर्तो, दारापासून दारापर्यंत,
माणूस एक, बॅगा दोन.
कुंडीचं कुठे लिहिलेलं नव्हतं.

ती मांडीवर घेऊन बसली, मागे नाही, माझ्या शेजारी,
दोना एतेल्विना, वय एक्क्याऐंशी,
कुंडीत कोथिंबीर. "तिकडे उत्तरेला," म्हणाली,
"सगळ्यात पार्सली कोंबतात. बघू कसं जमतंय."
घराच्या किल्ल्या नव्या मालकाला देऊन झाल्या होत्या,
तरी तिचा हात दोनदा पर्सच्या त्याच कप्प्यात गेला.

पहिल्या टोलवर काचेवरचं यंत्र टुणकन वाजलं
तशी विचारते, "अदेरितो, घाई आहे का तुम्हाला?"
मला?
अकरा वर्षं झाली या रस्त्यावर.
ओबिदुशची तटबंदी मला ठाऊक आहे ती
ताशी एकशे वीसच्या वेगानं,
निलगिरीच्या फटीतून, चार सेकंद.
"मग उतरू या की," ती म्हणाली,
बाजारातून येताना
मैत्रिणीच्या दारात म्हणावं तसं.

ओबिदुशला चॉकलेटच्या वाटीतून
चेरीची दारू घेतली तिनं, सकाळी साडेदहाला,
वाटीही खाल्ली, आणि तटावर चढायचं नाही असं ठरवलं.
"खालून दिसतोय तेवढा किल्ला पुरे."

नाझरेला जाळीवर मासे वाळत होते, उभे चिरलेले.
विकणाऱ्या बाईशी भावावरून हिचं वाजलं
आणि थोड्या वेळानं पाहतो तर दोघी एका बाकावर,
गुडघ्यांबद्दल बोलतायत.
तेवढ्यात रोजेरियोचा फोन. कुठवर आलात?
म्हटलं, रस्त्याचं काम चालू आहे.
नेमकी तेव्हाच लाट फुटली.
त्याला ऐकू गेली असणार.

अल्कोबासाला राजा आणि त्याची ती, दगडाचे,
पायांकडे पाय करून निजलेले,
उठतील तेव्हा आधी एकमेकांना दिसावेत म्हणून, असं सांगतात.
तिनं चष्मा पुसून नीट पाहिलं.
"आमचे हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे,"
एवढंच, आणि मग बाथरूम कुठे ते विचारलं.

बातालियाला ते छप्पर राहून गेलेलं प्रार्थनाघर.
राजे गेले, कारागीर दुसऱ्या कामाला लागले,
आत आभाळ राहिलं.
ती मधोमध उभी, मान वर, हातात माझी टोपी.
"बरंय," म्हणाली, "जाळी काढायला नकोत."

कुइम्ब्रा आली तेव्हा ती झोपली होती.
कुंडी घसरू नये म्हणून एक हात तिच्या काठाला,
नदी, टेकडी, विद्यापीठाचा मनोरा,
सगळं मी एकट्यानंच पाहिलं, गाडी ऐंशीवर.

आवेइरोला मिठाई संपवून तिनं नोटा काढल्या,
चार घड्या घातलेल्या. "दिवस माझा आहे, त्याचा नाही."
मी निम्म्या घेतल्या.
नकोच म्हणालो असतो तर चिडली असती.

पोर्तो. साडेनऊ. जूनचा उजेड अजून पाण्यावर.
पूल ओलांडला तशी म्हणाली, "पुन्हा."
वळलो, परत गेलो, परत आलो.

रोजेरियो घरातल्या चपलांवर फुटपाथवर उभा होता.
आईला जवळ घेतलं, दमली असशील म्हणाला,
माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही.
बॅगा दोन, उतरवल्या.
कुंडी मात्र तिनं पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला.
"इथे हिला कोण विचारणार? पाणी रात्री घाला."

परतीला तीनशे किलोमीटर, कुठेच थांबलो नाही.
गाडीभर वास, काचा बंद.
एक वाजता फॉर्म भरायला बसलो.
प्रवासाला लागलेला वेळ: तीन तास.
मग तांब्या शोधायला उठलो.